मंडळाच्या खोलीत उन्हाळी कलाकेंद्र

परीक्षा संपत आल्या की काळाचौकीत घराघरांत दोन प्रश्न निघतात. गावचं रिझर्व्हेशन मिळालं का, आणि मिळालं नसेल तर मुलं दीड महिना करणार काय? पहिल्या प्रश्नावर या लेखात इलाज नाही. दुसऱ्यावर बहुतेक पालक पैसे मोजून इलाज शोधतात: दादर-माटुंग्याकडचं एखादं शिबिर, त्याची फी, उन्हातली ने-आण आणि शेवटी घरी येणारं आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. इकडे आपल्याच इमारतीखाली मंडळाची खोली गणपती-नवरात्र सोडलं तर बहुतेक वेळ कुलपात असते. आत पंखे आहेत, खुर्च्या आहेत, स्पीकर आहे, मागच्या सजावटीचं सामान आहे. त्या खोलीत उन्हाळ्यात चार-पाच दिवसांचं प्रदर्शन, मुलांसाठी आठ-दहा दिवसांची कार्यशाळा आणि संध्याकाळचे दोन-तीन कार्यक्रम सहज बसतात. ते कसे बसवायचे, ते सांगतो.

गिरणगावाला यात नवं काही नाही. इथली कला मुळात वस्तीतच वाढली. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, ते कामगार वस्त्यांच्या जिवावर. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचं परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ पासूनचं. कोकणातल्या गावकरी मंडळांचे नमन, दशावतार, डबलबारीचे सामने तिथे परवडणाऱ्या भाड्यात व्हायचे. पुनर्बांधणीसाठी ते २०२३ च्या नोव्हेंबरात बंद झालं, तेव्हा रंगकर्मी रस्त्यावर उतरले ते याच कारणाने. लालबागचं हनुमान थिएटर तमाशाचं हक्काचं ठिकाण होतं, तिथे पुढे लग्नाचे हॉल आले. आणि आपल्या काळाचौकीतल्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन-तीनच्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं ठरवलं, त्यात गिरणीचं जुनं तळं, भित्तिशिल्पं, कारंजं असा आराखडा केला. त्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत. व्हावं ते, चांगलंच आहे. पण त्या संग्रहालयात ज्या वस्तू शोभतील त्यातल्या निम्म्या आज आपल्या माळ्यांवर आहेत, आणि म्हाडाच्या पुनर्विकासाचं वारं अभ्युदयनगरात शिरल्यापासून माळे रिकामे व्हायला लागले आहेत. भंगारवाला संग्रहालयाआधी पोचतो, हे लक्षात ठेवून कामाला लागा.

तारखा ठरवताना

इथे बहुतेक मंडळं चुकतात. बाहेरच्या शिबिरांचं वेळापत्रक बघून मेच्या दुसऱ्या आठवड्यात कार्यक्रम ठेवतात आणि खोलीत सेक्रेटरी, खजिनदार आणि तीन मुलं बसतात. बाकीची काळाचौकी तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंबे खात असते. घाटावरची मंडळीही जत्रांना आणि लग्नांना पांगलेली असतात.

त्यामुळे दोन भाग करा. प्रदर्शन ३० एप्रिलच्या संध्याकाळी उघडा आणि ३ किंवा ४ मेपर्यंत ठेवा. १ मेला महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन, सुट्टी असते, शाळांचे निकालही त्याच सुमाराला लागतात आणि गाड्यांची खरी गर्दी त्यानंतर सुरू होते. गिरणी कामगारांच्या वस्तीत प्रदर्शन उघडायला याहून चांगला दिवस मला तरी सुचत नाही. मुलांची कार्यशाळा मात्र मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करून जूनच्या पहिल्या आठवड्यात संपवा. तोपर्यंत गावाहून लोक परतू लागतात, शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि मुलं घरात कंटाळलेली असतात.

पावसाचं भान ठेवा. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनच्या आसपास येतो, पण २०२५ साली तो २६ मेलाच येऊन थडकला होता. म्हणून मैदानात किंवा गच्चीवर मांडव घालून काही करायचं असेल तर ते पहिल्या भागात उरका. दुसऱ्या भागातलं सगळं छपराखाली.

वेळ ठरवताना पुरुष कार्यकर्त्यांनी एक प्रश्न आवर्जून घरात विचारावा: आपल्या इमारतीत पाणी कधी येतं? संध्याकाळी पाणी भरायच्या वेळेला प्रदर्शन उघडलंत तर बायका येणार नाहीत, आणि बायका आल्या नाहीत तर मुलंही येणार नाहीत. आयपीएलचे सामने साडेसातला सुरू होतात, तेव्हा तरुण मुलं खोलीत टिकणार नाहीत हेही गृहीत धरा. साधारण पाच ते साडेसात ही प्रदर्शनाची मुख्य वेळ आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ ते अकरा. दुपारी खोली बंदच ठेवा, मेच्या उकाड्यात कोणी फिरकत नाही आणि राखण करणाऱ्याचे हाल होतात.

प्रदर्शनाचा विषय लहान ठेवा

‘गिरणगावचा इतिहास’ असा फलक लावू नका. एवढा मोठा विषय घेतला की इंटरनेटवरून काढलेल्या चित्रांचे फ्लेक्स लागतात आणि शेजारच्या आजोबांचा डबा माळ्यावरच राहतो. विषय असा घ्या की जो तुमच्याच इमारतीत पुरा होईल. ‘रातपाळी’ हा विषय घेता येतो: रात्रपाळीचा माणूस काय घालून जायचा, डबा कुठला, घरी आल्यावर झोपायला जागा कुठे, दिवसा मुलांना गप्प कोण ठेवायचं. ‘खानावळ’ हा दुसरा. एकट्याने राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांनी हा भाग अक्षरशः पोसला. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी. एका विभागात दोन-तीन घरं तरी सापडतील जिथे पितळी स्टोव्ह, मोठी परात, उधारीची वही अजून आहे. ‘आमच्या मंडळाची नाटकं’ हा तिसरा विषय. कामगार नाट्यस्पर्धेची प्रशस्तिपत्रकं, हाताने लिहिलेल्या संहिता, जुने गटफोटो भरपूर निघतात, आणि फोटोत स्वतःला शोधायला माणसं दोनदा येतात.

संपाचा विषय घ्यायचा तर सांभाळून. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि कितीतरी घरांची घडी मोडली ती पुन्हा बसली नाही. एकाच जिन्यावर संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत यांना देव मानणारं घर असतं आणि त्यांच्यामुळे बुडालो म्हणणारंही. प्रदर्शनाने निवाडा करायचा नाही. दोघांच्या घरातली पत्रकं, बिल्ले, पावत्या शेजारी शेजारी लावा आणि कोणाची कोणती ते लिहा, बस्स.

वस्तू गोळा करायला तरुण मुलामुलींच्या जोड्या करा, एका जोडीला एक मजला. दारात उभं राहून ‘जुन्या वस्तू आहेत का’ विचारलंत तर ‘नाहीत’ असंच उत्तर येतं. वस्तूचं नाव घेऊन विचारा. गिरणीचा पास आहे का? बदली कार्ड? धोटा, बॉबिन? पगाराची पाकिटं? जुनी ट्रंक? भजनाची वही, मृदंग, तुणतुणं? लग्नाचा फोटो, त्यामागे चाळ दिसते असा? नाव ऐकलं की आठवतं. साचेखात्यात काम केलेल्या माणसाला धोटा म्हणताच त्याचा हात आपोआप हवेत फिरतो, तेवढं पाहायला मिळालं तरी फेरी वसूल.

मूळ कागद घरातच राहू द्या

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. गिरणी कामगारांच्या घरांच्या योजनेत १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो, हे सिद्ध करावं लागतं. म्हाडाची पहिली सोडत २०१२ साली निघाली, पण आजही असंख्य कामगार आणि वारस पात्रतेच्या कागदांसाठी धडपडत आहेत. तिकीट क्रमांक, सेवेचा दाखला, ईएसआयचं कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची पावती हे त्या घराचे पुरावे आहेत. ते प्रदर्शनासाठी मागू नका आणि कोणी हौसेने आणून दिले तरी ठेवून घेऊ नका. त्यांच्याच घरी, त्यांच्यासमोर मोबाइलवर सरळ वरून फोटो काढा, रंगीत प्रत काढून लावा, आणि प्रतीवरचा पत्ता, क्रमांक झाका. पूर्ण क्रमांक चारचौघांत लावल्याने कोणाचं भलं होत नाही, आणि दलालांची नजर कुठे नसते?

बाकीच्या वस्तूंसाठी दोन प्रतींची वही करा. वस्तू काय, कोणाची, खोली क्रमांक, आधीपासून कुठे तुटलेली-फाटलेली आहे, परत कधी देणार, दोघांच्या सह्या. वस्तू हातात घेतानाच तिचा फोटो काढा. सोन्याचं, चांदीचं, देवघरातलं काही घेऊ नका. पदकं घेतलीत तर काचेच्या बंद कपाटात. ही वही कंटाळवाणी आहे म्हणून कार्यकर्ते टाळतात आणि मग कोणाची तरी पितळी बरणी हरवते. पुढची पाच वर्षं त्या घरातून वर्गणी येत नाही!

जुने फोटो, कागद हाताळायला फार शास्त्र लागत नाही, थोडी शिस्त लागते. सेलोटेप, फेविकॉल, स्टेपलर यांतलं काहीही मूळ फोटोला लावायचं नाही. कागदाचे छोटे त्रिकोणी कोपरे करून त्यात फोटो अडकवा. मेमधल्या दमट हवेत प्लास्टिकच्या पिशवीत कागदाला घाम सुटतो, मागे बटर पेपर ठेवा. फ्रेममध्ये काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही, काचेसकट मांडा. खिडकीतून ऊन पडतं त्या भिंतीवर काही लावू नका. हॅलोजन दिवे टाळा, ते खोली तापवतात आणि कागद पिवळा करतात. साधे एलईडी पुरतात. जुनं लुगडं किंवा धोतर खिळ्याला टांगलं की तिथेच फाटतं. जाड वेळूवर दुहेरी घालून ठेवा.

फोटो आणि पाट्या मोठ्यांच्या डोळ्याच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण पावणेपाच फुटांवर, चित्राचा मध्य येईल अशा लावा. पण बाकाएवढी उंची असलेल्या मुलांसाठी एक पट्टा खाली ठेवा, त्यात हात लावता येतील अशा वस्तू मांडा. एकही वस्तू हाताळू न देणारं प्रदर्शन मुलं पाच मिनिटांत संपवतात. रिकामी बॉबिन, सूत, डब्याचे पुडे, रबरी शिक्के यांना हात लागला तर काही बिघडत नाही.

पाटी लिहिणं हे प्रदर्शनातलं खरं लेखन. ‘स्टोव्ह (पुरातन)’ असं लिहिण्यात काही अर्थ नाही. समजा असं लिहिलं: ‘तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा स्टोव्ह. लग्नानंतर दोन वर्षांनी घेतला. गिरणी बंद पडली तेव्हा यावर बाहेरचे डबे शिजायचे. वात अजून बदलून मिळते.’ चार ओळी, मोठी अक्षरं, पांढऱ्याऐवजी फिकट कागद, काळी शाई. नाव छापायचं की नाही हे घरच्यांना विचारा. काहींना अभिमान असतो, काहींना नको असतं. छापायला पैसे नसतील तर ज्याचं अक्षर चांगलं आहे त्याच्याकडून लिहून घ्या. दर मंडळात फलक लिहिणारा एक जण असतोच, त्याच्या खडूला गणपतीनंतर काम नसतं.

वस्तूंसोबत आवाज घ्या. मोबाइलवर अर्धा तास रेकॉर्डिंग पुरतं, पंखा बंद करून आणि टीव्ही बंद करायला लावून. परवानगी आधी, रेकॉर्डिंग नंतर. ‘तुमचे अनुभव सांगा’ म्हटलं की माणूस भाषण करतो. त्यापेक्षा विचारा: पहिला पगार कोणाच्या हातात दिला? एका खोलीत किती जण होते आणि झोपायच्या पाळ्या कशा लावायचा? भोंगा वाजला की घरात काय व्हायचं? जॉबरला खूश ठेवायला काय करावं लागायचं? आजींना विचारताना आजोबांना बाहेर फिरायला पाठवा, नाहीतर उत्तरं तेच देतात. प्रश्न कसे विचारायचे याचा नमुना हवा असेल तर नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ हे पुस्तक वाचा, ते असंच माणसांच्या तोंडून उभं राहिलं आहे. जयंत पवार यांचं ‘अधांतर’ हे नाटकही प्रदर्शनाआधी कार्यकर्त्यांनी वाचावं. संपानंतरचं गिरणगावातलं घर आतून कसं होतं ते त्यातून कळतं.

मुलांची कार्यशाळा

शिकवणारा शोधायला लांब जाऊ नका. लालबाग-परळ-चिंचपोकळी म्हणजे मूर्तिकारांचा आणि सजावटकारांचा पट्टा. दिवंगत विजय खातूंची मोठमोठ्या गणेशमूर्ती घडवणारी कार्यशाळा परळची, लालबागच्या राजाची मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या घडवणारं कांबळी घराणं इथलंच. इतकी मोठी नावं कार्यशाळेला येणार नाहीत आणि त्याची गरजही नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेले, स्वतःचं छोटं काम करणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. जून-जुलैत कामाची घाई सुरू झाली की त्यांना मान वर करायला फुरसत नसते, मेमध्ये थोडी असते. मानधन ठरवून द्या, ‘आपल्याच मंडळाचं आहे’ म्हणून फुकट राबवू नका.

शाडूची मूर्ती करायला घेतलीत तर पहिल्याच दिवशी गणपती नको. मुलांना आधी हाताचा पंजा, उंदीर, चप्पल असं काही करू द्या. माती मळायला, तिच्यातले खडे काढायला, ओली ठेवायला एक दिवस जातो आणि खरं शिक्षण तेच. शाडू वाळताना तडकतो, पंख्याखाली ठेवलेला जास्तच; ओल्या फडक्याने झाकून सावलीत वाळवायचा. उरलेली माती मोरीत ओतू नका, गटार तुंबलं तर इमारतीतली मोठी माणसं पुढच्या वर्षी खोली देणार नाहीत. बादलीत भिजत ठेवली की पुन्हा वापरता येते.

एका शिकवणाऱ्यामागे पंधरापेक्षा जास्त मुलं घेऊ नका. सगळ्यांना घ्यायचं म्हणून चाळीस मुलं बसवली की शिकवणारा फक्त ओरडतो. दोन तुकड्या करा. मुलांसोबत दोन मोठी माणसं कायम हवीत, त्यातली एक बाई. शिकवणारा ओळखीचा असला तरी मुलांसोबत तो एकटा बंद खोलीत राहणार नाही हा नियम पहिल्या दिवशीच सांगा, त्यात कोणाचा अपमान नाही. पालकांचे फोन नंबर, कोणाला दमा आहे, कोणाला फिट येते हे एका कागदावर भिंतीला न लावता वहीत ठेवा. पिण्याचं पाणी, जवळचं स्वच्छतागृह आणि पंखा चालू आहे ना, हे तीन बघितल्याशिवाय तारीख जाहीर करू नका.

एक गोष्ट मला खटकते, ती सांगतो. बहुतेक शिबिरं शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम करतात आणि त्याच्या तालमीतच निम्मं शिबिर जातं. मुलं एका गाण्यावर हात हलवायला शिकतात, बाकी काही नाही. त्याऐवजी शेवटच्या दिवशी पालकांनाच कामाला बसवा. मुलांनी आईला माती मळायला शिकवू दे.

संध्याकाळचे कार्यक्रम आणि परवानग्या

प्रदर्शनाच्या दिवसांत एक संध्याकाळ भजनाला, एक शक्तीतुऱ्याला, एक मुलांच्या नाटकाला द्या. मुलांचं नाटक ही मराठीतली मोठी गोष्ट आहे: सुधा करमरकर यांनी १९५९ साली बालरंगभूमी सुरू केली ती रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने, आणि त्यानंतर उन्हाळी सुट्टी म्हणजे बालनाट्य असं समीकरण होऊन बसलं. छापील नाटक बसवायचं तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या. सार्वजनिक प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ जातो, अर्ज मार्चमध्येच करा. मुलांनीच रचलेली दहा मिनिटांची नाटुकली खोलीत घरच्यांपुढे केलीत तर एवढा व्याप उरत नाही, आणि बहुधा तीच जास्त रंगते.

कार्यक्रम मैदानात किंवा रस्त्यालगत असेल तर महापालिकेच्या एफ दक्षिण विभाग कार्यालयातून आणि काळाचौकी पोलीस ठाण्यातून परवानगी घ्यावी लागेल, ध्वनिक्षेपकाची वेगळी. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद हा नियम सगळ्यांना पाठ आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं, हे मात्र विसरलं जातं. खोलीतल्या प्रदर्शनाला सोसायटी किंवा चाळ कमिटीचं पत्र पुरतं, पण इमारतीच्या सामाईक मीटरवरून वीज ओढायची असेल तर ती गोष्ट त्या पत्रात लिहून घ्या. जिन्यात टेबल, फ्लेक्स, खुर्च्या ठेवू नका आणि दाराशी आग विझवायचं सिलिंडर असू द्या.

पैशांचं गणित साधं आहे. प्रदर्शनाला तिकीट नको. वर्गणी घ्यायची असेल तर पावती पुस्तकानेच घ्या. मंडळ नोंदणीकृत नसेल तर लोकांकडून वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते, हे गणपतीच्या वेळी सगळ्यांना माहीत असतं आणि मेमध्ये कोणाला आठवत नाही. प्रायोजक आला तर त्याचा फलक बाहेर दाराशी, आत एकही नाही. कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्याचा फोटो प्रदर्शनात नको. उद्‌घाटनाला बोलवायचंच असेल तर इमारतीतल्या सर्वांत जुन्या कामगाराला बोलवा.

दोन फेऱ्या बाहेरच्या

कार्यशाळेतल्या मुलांना निदान एकदा भायखळ्याला घेऊन जा. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ च्या मे महिन्यात लोकांसाठी खुलं झालं, मुंबईतलं ते सर्वांत जुनं. आतमध्ये जुन्या मुंबईतल्या माणसांच्या, त्यांच्या धंद्यांच्या छोट्या मातीच्या प्रतिकृती आहेत. आठवडाभर शाडू मळलेल्या मुलांना त्यांच्यापुढे अर्धा तास बसवा आणि एकच चितारायला सांगा, सगळं संग्रहालय फिरवायच्या नादाला लागू नका. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे, आणि शेजारी राणीच्या बागेत १९६५ साली हलवलेला मूळ काळा घोडा, ज्याच्यावरून त्या चौकाचं नाव पडलं. बुधवारी संग्रहालय आणि बाग दोन्ही बंद असतात, तेवढं बघून निघा.

दुसरी फेरी कॉटन ग्रीनहून हार्बरने सीएसएमटीला. जहांगीर कला दालनात प्रवेशमूल्य नाही आणि चित्रकार बहुतेक वेळा तिथेच बसलेला असतो, मुलांनी थेट त्यालाच विचारावं. तिथून चार पावलांवरच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांसाठी वेगळं दालन आहे. त्यांची फिरती संग्रहालय बस शाळा आणि संस्थांमध्ये जाते. मंडळाच्या पत्रावर अर्ज करून बघायला हरकत नाही, तो मात्र जानेवारीतच करा.

मूर्तिकारांची कार्यशाळा बघायला जायचं तर आधी विचारून, पाच-सहा मुलांच्या गटाने. फोटो काढायचे नाहीत. मूर्तीचं रूप मंडळं पहिल्या दर्शनापर्यंत राखून ठेवतात, ते तुमच्या मुलाच्या स्टेटसवर आधी झळकलं तर त्या कारागिराची पंचाईत होते.

प्रदर्शन उतरवल्यावर चोवीस तासांत सगळ्या वस्तू घरोघरी पोचवा आणि वहीत परतीची सही घ्या. फोटो, पाट्यांचा मजकूर आणि रेकॉर्डिंग यांच्या तीन प्रती करा: एक मंडळाच्या संगणकात, एक ज्यांनी वस्तू दिल्या त्यांच्या घरी, एक जवळच्या सार्वजनिक वाचनालयात. उद्या आपल्या काळाचौकीतलं वस्त्रोद्योग संग्रहालय पुरतं उभं राहील तेव्हा तिथल्या माणसांना हीच यादी लागणार आहे. आणि तुमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला असेल तर मेची वाट बघू नका, घरं रिकामी करायच्या नोटिसा यायच्या आत मजल्यांच्या फेऱ्या उरका.